पॅच कोणत्या ब्रँचवर तयार करायचा?

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमधला बग दुरुस्त करून पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल) पाठवला. ‘लागू होत नाही, योग्य ट्रीवर करून पाठवा’ एवढंच उत्तर आलं. मी उबुंटूसोबत मिळणारा सोर्स वापरला होता. मला याच क्षेत्रात करिअर करायचं आहे. आता काय करू?

उत्तर: तुझ्या कोडवर अजून कोणी मत दिलेलं नाही, त्यामुळे खचू नकोस. अडचण पायाची आहे: कोडच्या ज्या प्रतीवर (ट्रीवर) तू पॅच केलास, ती योग्य नव्हती. डिस्ट्रोचा (उबुंटूसारख्या तयार लिनक्स संचाचा) कर्नल म्हणजे जुन्या आवृत्तीवर चढवलेले त्यांचे स्वतःचे पॅच. तुझ्या बदलाच्या आजूबाजूच्या ओळी मेंटेनरकडच्या (त्या भागाचे पॅच तपासून घेणाऱ्याकडच्या) फाइलशी जुळल्या नाहीत, की पॅच बसत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांच्या मेनलाइनमध्ये, म्हणजे कर्नलच्या मुख्य ट्रीमध्ये, बहुतेक बदल थेट जात नाहीत, आधी त्या त्या सबसिस्टिमच्या (नेटवर्किंगसारख्या विभागाच्या) ट्रीमध्ये जातात. म्हणून पॅच ज्या ट्रीत घेतला जाणार, तीच तुझी बेस. सोर्समधल्या ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये ड्रायव्हरची नोंद शोध. ‘टी’ने सुरू होणाऱ्या ओळीत ट्रीचा पत्ता असतो. ड्रायव्हरच्या नोंदीत तो नसेल तर वरच्या सबसिस्टिमची नोंद बघ.

नेटवर्किंगच्या दोन ट्री आहेत. मेनलाइनमध्ये आधीच असलेल्या कोडमधल्या बगची दुरुस्ती ‘नेट’वर, नवी सुविधा आणि साफसफाई ‘नेट-नेक्स्ट’वर. तुझं काम ‘नेट’चं, आणि विषयाच्या ओळीतही तसं लिहायचं. सोबत ‘फिक्सेस’ टॅग हवा: बग आणणाऱ्या कमिटच्या (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकाची, पहिली 12 अक्षरं आणि त्याचं शीर्षक. इथे ओळ शेवटची कोणत्या कमिटने बदलली हे सांगणाऱ्या ‘गिट ब्लेम’वर डोळे मिटून विसंबू नकोस, ते कधीकधी ओळ नुसती हलवणारं कमिट दाखवतं. बग खरा कुठे शिरला, तिथपर्यंत मागे जा.

सगळ्या सबसिस्टिमचे येऊ घातलेले बदल एकत्र करणारी ‘लिनक्स-नेक्स्ट’ ट्री सर्वांत ताजी दिसते म्हणून नवखे तिच्यावर काम सुरू करतात. ती कामाच्या दिवशी रोज नव्याने जुळवली जाते, आजचं कमिट उद्या तिच्यात सापडेलच असं नाही. संघर्ष तपासायला ती उत्तम, बेस म्हणून नाही. स्टेबल शाखाही (आधी निघालेल्या आवृत्त्यांना फक्त दुरुस्त्या देणारी) नको: दुरुस्ती आधी मेनलाइनमध्ये जाते, मगच तिथे उतरते.

वेळही पाहावी लागते. नवी आवृत्ती आली की साधारण दोन आठवडे मर्ज विंडो (मेनलाइनमध्ये नवे बदल घेण्याचा काळ) असते. त्या काळात ‘नेट-नेक्स्ट’ बंद असते, दुरुस्त्या मात्र घेतल्या जातात. एखाद्या सबसिस्टिमची स्वतंत्र ट्रीच नसेल, तर मर्ज विंडोतलं मधलंच कमिट न उचलता मेनलाइनचा ताजा आरसी टॅग (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी आवृत्तीची खूण) घ्यावा.

आता ‘नेट’ क्लोन कर आणि त्या फाइलचा ‘गिट लॉग’ आधी वाच. बग कोणीतरी दुरुस्त केलेलाही असू शकतो. नसेल, तर नवी ब्रँच काढून बदल हाताने पुन्हा कर. नुसत्या टारबॉलवर (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलवर) केलेल्या कामाला गिटचा इतिहास नसतो, त्यामुळे रीबेस (बदल आपोआप नव्या बेसवर हलवणं) होणार नाही. कर्नल पुन्हा बिल्ड कर, चाचणीही पुन्हा घे. जुन्या कोडवरची चाचणी इथे चालत नाही. पॅचची फाइल बनवणाऱ्या ‘गिट फॉरमॅट-पॅच’ला बेसचा पर्याय ‘ऑटो’ दे. त्यासाठी ब्रँचला अपस्ट्रीम (जिच्यावरून ती काढली ती मूळ ब्रँच) जोडलेली हवी. मग पॅचच्या तळाशी बेस कमिटची ओळ येते आणि तपासणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. पाठवण्याआधी वेगळ्या वर्कट्रीत (त्याच रिपॉझिटरीच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये) पॅच लावणाऱ्या ‘गिट एएम’ने तो लागतो का, हे बघच. दुसरी आवृत्ती ‘व्ही2’ म्हणून पाठव आणि काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या ओळीखाली लिही.

पॅच मेनलाइनमध्ये पोहोचला की रेझ्युमेत ‘कर्नलमध्ये योगदान’ असं मोघम न लिहिता कमिटचा हॅश आणि शीर्षक दे. मुलाखत घेणारा ते स्वतः उघडून वाचू शकतो.