झाडावरचा टॅरंटुला आणि कोंदट डबा : वाचकांची प्रश्नोत्तरे

जमिनीत बिळं करून राहणाऱ्या टॅरंटुलांबद्दल, म्हणजे हौशी लोक डब्यात पाळतात त्या मोठ्या केसाळ कोळ्यांबद्दल, मागे लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं झाडावर राहणाऱ्या जातींबद्दल आहेत, आणि त्यांतली निम्मी तरी पिल्लू अचानक दगावल्याची. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न (न्यू जर्सी) : पिंक टो टॅरंटुलाची दोन पिल्लं आणली होती. त्यांना दमट हवा लागते असं वाचलं, म्हणून सकाळ-संध्याकाळ डब्यात पाणी फवारत होते. दोन्ही गेली. तिसरं आणण्याआधी विचारते, काय चुकलं?

वाईट वाटलं वाचून. तुम्ही काळजी घेतली होती, पण मिळालेला सल्लाच अर्धा होता. पिंक टो, म्हणजे एव्हिक्युलारिया, हा गयाना, सुरीनाम, उत्तर ब्राझील या भागातला कोळी. तिथे पाऊस भरपूर पडतो हे खरं, पण हा राहतो झाडावर, वाऱ्यात. पानं भिजतात आणि वाळतात. बंद डब्यात पाणी फवारलं की ते वाळतच नाही. हवा कोंदते, उरलेल्या किड्यांवर बुरशी धरते आणि पिल्लू त्याच हवेत अडकतं. टॅरंटुलाची श्वसनाची चार पुस्तक-फुप्फुसं, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारख्या थरांची फुप्फुसं, पोटाच्या खालच्या बाजूला असतात. तिथली हवा खेळती राहिली पाहिजे.

तेव्हा डब्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं पाडा, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर. फक्त झाकणाला पाडलेली भोकं पुरत नाहीत. डबा उभा हवा. त्यात कॉर्कच्या सालीचा तुकडा तिरका टेकवा, वरच्या भागात एक-दोन कृत्रिम पानं लावा, म्हणजे जाळ्याची नळी विणायला आधार मिळेल. तळाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बरंचसं कोरडं. पाणी मात्र हवंच, कारण कोळी तोंडाने पाणी पितो. हवेतल्या दमटपणावर त्याची तहान भागत नाही. पिल्लासाठी दोन-तीन दिवसांनी जाळ्यावर चार थेंब सोडा, मोठ्या कोळ्याला छोटी वाटी कायम भरून ठेवा. रात्री सोडलेले थेंब सकाळी भिंतीवर तसेच दिसले तर भोकं वाढवा.

हिवाळ्यात तुमच्याकडे हीटरने घर कोरडं होतं. तेव्हा वाटी मोठी करा आणि एका कोपऱ्यातलं कोकोपीट ओलं ठेवा. बाकी डबा कोरडाच. तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस पुरे. दिवा लावून शेकू नका.

प्रश्न (लंडन) : माझी निळी पोसिलोथेरिया मेटॅलिका (झाडावरचीच एक टॅरंटुला) काही आठवडे खात नाही. सालीमागच्या पोकळीचं तोंड तिने जाळ्याने बंद केलं आहे. साल उचलून पाहू का?

अजिबात नको. ती बहुधा कात टाकण्याच्या तयारीत आहे. रंग फिका पडणं, पोट तुकतुकीत आणि भरलेलं दिसणं, खाणं सोडणं, दार बंद करून घेणं ही सगळी त्याचीच लक्षणं. डब्यात जिवंत किडा राहिला असेल तर मात्र आजच काढा. कात टाकताना कोळी मऊ आणि असहाय असतो, त्या वेळी एखादा रातकिडाही त्याला कुरतडून मारू शकतो. पाण्याची वाटी भरलेली ठेवा, बस्स. कधी तो उताणा पडलेला दिसेल, ते मरण नव्हे. कात निघाल्यावर सुळे पांढरट असतात, मग लालसर होतात, शेवटी काळे. काळे होईपर्यंत खायला देऊ नका, मोठ्या मादीला दहा-बारा दिवस सहज लागतात.

आणि कात फेकू नका. पोटाच्या भागाची कात पाण्यात भिजवून उलगडली की आतून नर-मादी ओळखता येते. मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते, तर नर वयात आल्यावर फार काळ राहत नाही. आपल्याकडे कोण आहे हे ठाऊक असलेलं बरं.

प्रश्न (लीड्स) : कोळ्याचे सगळे पाय पोटाखाली आखडले आहेत. मेला का?

लगेच हार मानू नका. कोळ्याच्या पायातल्या काही मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसा त्याचा पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबावर उघडतो. अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय मिटतात. त्याला हलक्या हाताने उथळ बशीच्या काठावर असं ठेवा की सुळ्यांकडचा भाग पाण्याला टेकेल, पण पोट कोरडं राहील. खोली उबदार ठेवा आणि काही तास थांबा. तहानेने आखडला असेल तर बरेचदा सावरतो. म्हातारा नर असेल तर कदाचित त्याची वेळ झाली असेल.

प्रश्न (टोरांटो) : डब्यात बारीक पांढरे जीव दिसतात. औषध मारू?

कीटकनाशक मारलं तर कोळीच जाईल. उड्या मारणारे असतील तर ते स्प्रिंगटेल नावाचे निरुपद्रवी जीव, बुरशी खातात, राहू द्या. हळू चालणारे ठिपके म्हणजे माइट्स, अगदी बारीक कोळीवर्गीय जीव. खाल्लेल्या किड्यांचे अवशेष रोज काढा, कोकोपीट बदला आणि डबा कोरडा पडू द्या. पण सुळ्यांजवळ पांढरट चिकट थर दिसला आणि खाणं सुटलं, तर सूत्रकृमींची, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक जंतांची, शंका धरा. २०२२ मध्ये टॅरंटुलांवर आढळलेल्या अशाच एका कृमीचं टॅरँटोबेलस जेफडॅनियल्सी असं नामकरण झालं. याला खात्रीचा इलाज नाही. तो कोळी लगेच वेगळ्या खोलीत हलवा, त्याचा चिमटा दुसऱ्या डब्यात वापरू नका. याच कारणासाठी नवीन आणलेला कोळी सुरुवातीला इतरांपासून दूर ठेवायचा असतो. घरातली झुरळं पकडून खाऊ घालू नका, ती औषध खाऊन आलेली असू शकतात.

प्रश्न (मेलबर्न) : हातावर घेता येतो का?

घेऊ नका. झाडावरचे टॅरंटुला विजेसारखे पळतात, उडीही मारतात, आणि उंचावरून पडून पोट फुटलं तर वाचवणं कठीण. शिवाय पोसिलोथेरिया चावला तर स्नायूंचे पेटके काही तासांनी सुरू होऊन कित्येक दिवस राहू शकतात. चावलाच तर डॉक्टरांना गाठा.

प्रश्न (चिपळूण) : आमच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत तळहाताएवढा करडा, नक्षीदार कोळी आहे. पुढचे पाय उचलले की आतून पिवळे पट्टे दिसतात. पाळू का?

वर्णनावरून हा पोसिलोथेरिया रेगॅलिस वाटतो, आपल्या सह्याद्रीतला. किती देखणा शेजारी मिळालाय तुम्हाला! पण त्याला धरू नका. पोसिलोथेरियाच्या सर्व जाती २०१९ पासून साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि हे कोळी फक्त भारत आणि श्रीलंकेतच सापडतात. लंडनच्या वाचकांकडचा निळा मेटॅलिका मूळचा आंध्रातल्या पूर्व घाटातला. १८९९ मध्ये पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली ती आंध्रातल्या गुत्ती गावच्या नमुन्यावरून. रानात तो आज इतक्या थोड्या जंगलात उरलाय की २००८ पासून त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे. परदेशात पाळतात ते पिंजऱ्यात जन्मलेले असतील तरच घ्यावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

तुमच्या आंब्याची ढोली सिमेंटने बुजवू नका, झाडावर औषध फवारताना तेवढा भाग सोडा. कधी पावसाळ्यात तो घरात शिरला तर मोठी बरणी उपडी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि अंधार पडल्यावर त्याच झाडाच्या खोडावर सोडा.