विरोधी पक्षातल्या आमदाराने कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, हे कुठे पाहायला मिळतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे आमदार विरोधी पक्षात आहेत, बाहेर भाषणं जोरात करतात, पण सभागृहात त्यांनी कशाला पाठिंबा दिला आणि कशाला विरोध केला याची नोंद तुम्हाला कुठेच सापडत नाही. प्रश्न वाचून दोन दिवस नुसता बसून होतो. एका विरोधी आमदाराचा स्वीय सहायक म्हणून मी नऊ वर्षं काढली आहेत. तुमचं बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलंय.

विधानसभेपुरतं बोलायचं तर बहुतेक विधेयकांसाठी अशी नोंद नसतेच. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दोन्ही बाजूंनी आवाज उठतो. 'होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत झाले.' संपलं. 288 जणांपैकी कोण काय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण खाली चहा पीत होतं, याचा कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या छापील नोंदीत, मागमूस राहत नाही. कोण कुठल्या बाजूला होतं ते पक्कं व्हायचं तर कुणीतरी उठून पोल, म्हणजे नावानिशी मतविभागणी, मागावा लागतो आणि तो मिळावा लागतो.

हे फक्त किरकोळ विधेयकांपुरतं नाही. 12 नोव्हेंबर 2014 ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती, काँग्रेसही होती. दोघांनी मतविभागणी मागितली, गोंधळ झाला, पण ठराव मंजूर झाल्याचं जाहीर होऊन गेलं होतं. सरकार टिकण्याचा प्रश्न होता आणि एकेका आमदाराने त्या दिवशी काय केलं, हे नावानिशी कागदावर दाखवता येत नाही.

म्हणून 'मतदान' हा शब्द जरा बाजूला ठेवा. आपलं मत नोंदलं जावं म्हणून आमदाराने काय धडपड केली, ते शोधा. हे मला शिकवणारी घटना लिहितो. साल, पक्ष, नाव काही सांगणार नाही. त्या घरात मी वर्षानुवर्षं जेवलोय.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन होतं. सहकारी संस्थांच्या कायद्यातली एक दुरुस्ती येणार होती. संस्था अवसायनात काढायची, म्हणजे कायमची गुंडाळायची, नोटीस लागली की सभासदांना हरकत घ्यायला तीस दिवस, असा त्यात एक खंड (विधेयकातलं कलम) होता. आमच्या मतदारसंघातल्या एका दूध संस्थेचे म्हातारे सभासद होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी ते साहेबांच्या घरी आले आणि पिशवीतून जुनी नोटीस काढून माझ्या हातात दिली. चौघड्या घातलेला कागद, घड्यांवर फाटलेला. म्हणाले, "भाऊ, ही ऑफिसच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलेली. दूध घालायला आम्ही मागल्या खिडकीशी उभे राहतो. आम्हाला कळली तेव्हा चोवीस दिवस झालेले." उरलेल्या सहा दिवसांत वकील गाठायचा कधी आणि कागद करायचे कधी? त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुदत नव्वद दिवसांची करा आणि नोटीस प्रत्येक सभासदाच्या घरी पाठवा.

साहेबांनी मनापासून ऐकलं. "सूचना तयार कर," मला म्हणाले. आमदार निवासातल्या खोलीत दुलई पांघरून मी आणि एक वकील मित्र रात्री अडीचपर्यंत बसलो. सात दुरुस्ती सूचना केल्या. 'खंड 4 मधील "तीस दिवस" या मजकुराऐवजी "नव्वद दिवस" हा मजकूर दाखल करण्यात यावा', अशा भाषेत, ओळींचे आकडे घालून. सकाळी साहेबांच्या सह्या घेतल्या, वेळेत दिल्या, पोच घेतली. माझ्या लेखी ते नऊ वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम होतं.

विधेयक चर्चेला आलं त्या दिवशी सकाळीच दुसऱ्याच कारणावरून विरोधकांनी सभात्याग केला आणि दिवसभर कामकाजावर बहिष्कार टाकला. मी साहेबांना गाठून म्हटलं, निदान आपला खंड येईल तेव्हा तरी आत या, सूचना मांडा, पोल मागा आणि मग परत बाहेर जा. "बघू," म्हणाले. चारच्या सुमाराला विधेयक पुकारलं गेलं. मी प्रेक्षक गॅलरीत होतो. पुढे वाकू नका म्हणून तिथल्या सुरक्षारक्षकाने मला दोनदा हटकलं. माझं लक्ष दाराकडे होतं. खंड 4 आला. साहेबांचं नाव पुकारलं. सदस्य अनुपस्थित. सूचना मांडण्यात आली नाही. खंड 4 विधेयकाचा भाग झाला. सातही सूचना अशाच गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात मी वेळ पाहिली होती: विधेयक मांडल्यापासून संमत होईपर्यंत अकरा मिनिटं.

बाहेर आलो तर साहेब पायऱ्यांवर. हातात त्याच विधेयकाच्या निषेधाचा फलक, समोर कॅमेरे, घोषणा टिपेला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात तीन कॉलमी फोटो आला, खाली 'विधेयकाला कडाडून विरोध'. मतदारसंघात परतलो तेव्हा हारतुरे झाले. तात्याही आले होते. मला बाजूला घेऊन विचारलं, "नव्वदचं बोलले का साहेब?" मी म्हटलं, "हो, विरोध केला." त्यांनी माझा हात दाबला आणि गेले. ते 'हो' मला आजही गिळवत नाही.

त्या रात्री गाडीत माझा आणि साहेबांचा वाद झाला. ते म्हणाले, "अरे, फोटो लाखभर लोक बघतात. कार्यवृत्त कोण वाचतं? आणि आमच्या सातही सूचना पडल्याच असत्या, सरकारकडे बहुमत आहे." मी म्हटलं, पडू द्या ना! पडल्या असत्या तर कार्यवृत्तात राहिल्या असत्या. मंत्र्याला उठून सांगावं लागलं असतं की नव्वद दिवस का नाहीत. पोल मिळाला असता तर सत्ताधारी बाकांवरच्या ग्रामीण आमदारांना तीस दिवसांच्या बाजूने नावानिशी उभं राहावं लागलं असतं, आणि तात्यांसारख्यांनी त्यांना गावात गाठलं असतं. विरोधी आमदाराने जिंकायचं नसतंच, समोरच्याला उत्तर द्यायला लावायचं असतं. ते हसले आणि खिडकीबाहेर बघत बसले. वाद तिथेच राहिला, पुढे दोन वर्षांनी मी काम सोडलं.

साहेब हे वाचतील असं नाही, पण गेल्या काही वर्षांत जे घडलं त्यावरून मला अजून वाटतं की मी बरोबर होतो. 30 नोव्हेंबर 2019 ला ठाकरे सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला तेव्हा बाजूने 169, विरोधात शून्य आणि तटस्थ चार. भाजपचे 105 आमदार होते, त्यांनी सभात्याग केला होता. अधिवेशनच नियमाला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं धरलं तरी कागदावर आकडा शून्यच राहिला. राज्यातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा सरकारला विरोध होता, आणि नुसती मतं मोजणाऱ्या माणसाला तो सापडणारच नाही. जे चार तटस्थ राहिले त्यांची भूमिका मात्र कागदावर आली.

किंवा अगदी अलीकडचं जनसुरक्षा विधेयक घ्या, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालायला म्हणून सरकारने आणलेलं. 10 जुलै 2025 ला ते विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. उघड विरोध केला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. त्यानंतर बाहेर पत्रकार परिषदा झाल्या, आंदोलनं झाली, कायदा कसा घातक आहे यावर भाषणं झाली. पण त्याआधी हे विधेयक संयुक्त समितीकडे होतं, समितीत विरोधी पक्षांचे मुरलेले आमदार होते, आणि अहवालाला भिन्नमतपत्रिका (असहमत सदस्याची लेखी नोंद) जोडलेली नाही यावर सरकारने नेमकं बोट ठेवलं. तुमचे आमदार त्या काळात विधिमंडळात असतील तर हे विधेयक त्यांच्यासाठी कसोटी म्हणून घ्या. रस्त्यावरच्या भाषणाची तारीख आणि सभागृहातल्या भाषणाची तारीख एकाशेजारी एक लिहून काढा. दुसरी तारीख मिळाली नाही तर त्यांनाच विचारा.

खासदाराचं असतं तर काम थोडं सोपं होतं. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतविभागणी होतेच. 20 सप्टेंबर 2023 ला महिला आरक्षण विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 असं मंजूर झालं. ते दोन कोण, हे सगळ्या देशाला माहीत आहे: असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. मला त्यांची भूमिका पटली नाही. पण ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळी जागा नाही, असं कारण त्यांनी दिलं आणि त्या कारणावर विरोधात मत दिलं. त्यांच्याशी भांडायचं तर नेमकं कशावर भांडायचं हे मतदाराला ठाऊक आहे. याच्या उलट, नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानच केलं नाही. पक्ष तोच, विधेयक तेच. दोन्ही सभागृहांत मतविभागणी झाली म्हणून हे आज दाखवता येतं. पण लोकसभा-राज्यसभेतही साधी विधेयकं आवाजीनेच जातात. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती झाली नाही, आवाजी मतदानाने विधेयकं मंजूर झाली. तिथे मात्र विरोधकांनी मागितली होती, हे त्यांच्या खात्यावर लिहायला हवं.

पीआरएससारख्या संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग मोजतात. मुंबईतल्या आमदारांचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं. उपयोग होतो, पण त्या आकड्यांवर जास्त विसंबू नका. मी स्वतः एका बैठकीत चाळीस तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) प्रश्न लिहून दिलेत, त्यातले निम्मे पेपरातल्या बातम्यांवरून. प्रश्नांची संख्या स्वीय सहायकाच्या उरकावर असते. पुकारा झाल्यावर उपप्रश्न कोण विचारतो, मंत्र्याने थातुरमातुर उत्तर दिलं की पुन्हा उठतो का, ते बघायला कार्यवृत्तच वाचावं लागतं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. न सापडलेलं पान सचिवालयाकडे माहिती अधिकारात मागता येतं. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी), नियम 293 खालची सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची चर्चा, अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या आमदाराने आणलेली), सगळीकडे तुमच्या आमदारांचं नाव शोधा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, त्यातला बराचसा काळ विरोधात. त्यांनी कशाला होय म्हटलं आणि कशाला नाही, हे सांगोल्यात कुणाला पाठ नसेल. पाण्यावर ते किती वर्षं बोलत राहिले, ते मात्र सगळ्यांना माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, ती राहिली. पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघाला की आमदाराचं मत त्याचं स्वतःचं राहत नाही. 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर व्हीप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतविभागणीची यादी मिळाली तरी तिच्यात तुम्हाला पक्ष दिसेल, माणूस दिसेलच असं नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचं मतदान गुप्त असतं, तिथे तर शोधूच नका. आणि सभात्याग प्रत्येक वेळी पळपुटेपणा असतो असंही नाही. बोलूच दिलं जात नसेल, विधेयकाची प्रत हातात पडायच्या आत चर्चा सुरू होत असेल, तर उठून जाण्यावाचून काय उरतं? मी पाहिलेले काही सभात्याग खरोखर संतापाचे होते. माझा राग आहे तो पायऱ्यांवर कॅमेरा आहे म्हणून केलेल्या सभात्यागावर.

तुमचे आमदार गावात आले की 'तुम्ही विरोध केला का' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. मीही दिलंय. 'या विधेयकाला तुमच्या दुरुस्ती सूचना होत्या का, आणि नाव पुकारलं तेव्हा तुम्ही आत होता का?' असं विचारा. मतविभागणी मागितली होती का, हेही विचारा. उत्तर द्यायला स्वीय सहायकाकडे बघायला लागले, तर त्या माणसाचा चेहरा नीट पाहा.

आमदारांचं नाव मला नको. अधिवेशन कोणतं आणि विधेयकाचा क्रमांक काय, एवढं खाली लिहा. कार्यवृत्तात कोणत्या तारखेला, कोणत्या खंडापाशी शोधायचं, ते मी सांगतो.