मालकाकडे बायोडेटांचा गठ्ठा नेऊ नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

लोकांना नोकरीला लावण्याचं काम तू हाती घेतलंस, काम शोधणाऱ्यांची यादी तयार आहे, आता मालकांना गाठायचं आहे, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. पहिल्या भेटीला त्या यादीतला एकही बायोडेटा नेऊ नकोस. गठ्ठा दिसला की समोरचा ‘ठेवून जा, कळवतो’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. पंधरा मिनिटं माग आणि ती विचारण्यात घालव. गेल्या सहा महिन्यांत कोण सोडून गेलं, किती दिवसांत, कशामुळे? कोणत्या पाळीला माणूस कमी पडतो? नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय यायलाच हवं आणि तुम्ही काय शिकवता? लहान धंद्यात ही उत्तरं मालकच देतो. मोठ्या ठिकाणी एचआरकडून अटी कळतात, पण खरी अडचण सुपरवायझरला ठाऊक असते. एचआरला सांगूनच त्याला भेट, परस्पर नको.

कागदावरची अट आणि प्रत्यक्ष काम यांत बरंच अंतर असतं. पॅकिंगच्या जागेला ‘बारावी पास, दोन वर्षांचा अनुभव’ लिहिलेलं असतं. अर्धा तास लाइनपाशी उभं राहून बघ. माणूस लेबलवरचा बॅच नंबर वाचून यादीशी ताडतो, खोक्यांचा आकडा वहीत लिहितो, जड खोकी उचलून रचतो आणि अख्खी पाळी उभा असतो. यात बारावी कुठे आली? एवढंच कागदावर उतरव, सुपरवायझरला दाखव आणि विचार, ‘हे सगळं येणारा माणूस आणला तर बघाल का?’ बऱ्याचदा अट तिथेच सैल होते. कधी होत नाही, कारण ती वरून आलेली असते. मग वाद घालत बसू नकोस, पुढचं दार गाठ.

गंभीर मानसिक आजार असलेल्यांना नोकरी मिळावी म्हणून अमेरिकेत ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’ ही पद्धत विकसित झाली. तिच्या मापदंडात एका कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त 20 उमेदवार आणि आठवड्याला मालकांच्या किमान 6 प्रत्यक्ष भेटी धरतात. तुझे उमेदवार वेगळे असले तरी हा हिशेब धरून चाल. फोन भेटीत मोजायचा नाही.

एका जागेसाठी दोन-तीनच माणसं पाठव. योग्य कोणी नसेल तर तसं सरळ सांग. त्या ‘नाही’मुळेच तुझ्या पुढच्या ‘हो’ला किंमत येते. ‘गरजू आहे हो, घ्या’ असं मात्र कधी म्हणू नकोस. दयेपोटी मालक एकदा माणूस घेतो, दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. रोजगार मेळाव्यांवरही फार भिस्त ठेवू नकोस. तिथे गर्दी होते, फोटो निघतात, पण कोणाचं काम काय हे दोन्हीकडे धड कळत नाही.

माणूस बहुधा कौशल्याअभावी गळत नाही. पाळी सुटते तेव्हा परतीची गाडी नसते, लहान मुलाला सांभाळायला कोणी नसतं, नाहीतर पहिला पगार महिन्याने येणार आणि तोवर जाण्यायेण्याचे पैसेही नसतात. हे तिन्ही प्रश्न मुलाखतीआधी उमेदवाराला विचार. पहिला महिना आठवड्याला पगार किंवा थोडी उचल मिळेल का, हे मालकाला आधीच विचारून ठेव. आजार, कर्ज, तुरुंगवास यांतलं काहीही उमेदवाराच्या संमतीशिवाय बोलायचं नाही; सांगायचं ठरलं तर कोणत्या शब्दांत, हे त्याच्याबरोबर बसून ठरव.

रुजू झाल्यावर खरं काम सुरू होतं. वर सांगितलेल्या पद्धतीत कामाला लागण्याआधीच्या आठवड्यात एक भेट, लागल्यावर 3 दिवसांच्या आत दुसरी, पहिला महिना दर आठवड्याला आणि पुढे किमान वर्षभर महिन्याला एक, असा क्रम आहे. उमेदवाराला चालणार असेल तर सुपरवायझरशीही बोलत राहा. ‘कसं चाललंय?’ विचारलंस तर ‘ठीक’ एवढंच ऐकू येईल. ‘वेळेवर येतो का? अडलं तर कोणाला विचारतो?’ असं विचार. तक्रार आली तर त्याच दिवशी जा आणि तिथे कोणाचंच वकीलपत्र घेऊ नकोस.

मालकालाही पारखायला हवं. ज्याच्याकडे बारा महिने जागा रिकाम्या असतात, ती फुटकी घागर आहे. माणसं ओतण्याआधी आधीचे का गेले ते शोध. ‘आठवडाभर फुकट काम करू दे, मग बघू’ याला होकार देऊ नकोस. चाचणी काही तासांची, आधी लिहून ठरवलेली आणि शक्यतो पैसे देऊन. वेतन-अनुदानाची, म्हणजे पगाराचा काही भाग सरकार भरतं अशी योजना असेल तर अनुदान संपल्यावर मागच्या खेपेचे किती टिकले, हे विचार. पगार थकवणाऱ्याकडे माणसं पाठवणं बंद कर.

उमेदवाराकडून मात्र एक पैसाही घ्यायचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराचा सातवा अनुच्छेद खासगी रोजगार संस्थांनाही कामगारांकडून शुल्क घ्यायला मनाई करतो. अपवाद आहेत, पण तू त्यांत शिरू नकोस.

प्रत्येक मालकासाठी वहीत एक पान ठेव: कोणाशी बोलणं झालं, पाळ्या, कोण का सोडून गेलं, आपण काय कबूल केलं, पुढची भेट कधी. पहिली सहा पानं भरली की मला पाठव, मग कोणाकडे आधी माणूस न्यायचा ते ठरवू.