लॅब साठ जणांची, तरी बोलवा बाराच

प्रश्न : ताई, मी सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात हातभार लावतेय. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस असतो, त्या दिवशी कॉलेजात कार्यक्रम घेऊन नवे स्वयंसेवक जोडावेत असं मनात आहे. लॅबमध्ये ६० संगणक आहेत. सर म्हणतात, प्रमाणपत्र ठेवलंस तर लॅब भरेल. पण मागच्या वर्षी सिनियर्सनी असाच कार्यक्रम घेतला, पन्नासेक जण आले आणि महिन्याभरात एकही उरला नाही. मी काय वेगळं करू?

उत्तर : साठ नको, बाराच जणांना बोलाव. हिरमुसू नकोस, कारण सांगते.

नवखं माणूस वेबलेटवर, म्हणजे भाषांतराच्या संकेतस्थळावर, जे लिहितं ते 'सूचना' म्हणून पडून राहतं. कुणी जाणकाराने वाचून स्वीकारल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. साठ जणांनी वीस-वीस ओळी केल्या तर झाल्या १२०० सूचना. त्या तपासणार कोण? मी पहिला कार्यक्रम घेतला तेव्हा अडतीस जण आले होते. चहा-सामोसे झाले, फोटो झाले, मी आनंदात घरी गेले. तपासणारी मी एकटी. नोकरी सांभाळून रोज रात्री तासभर बसायचे, तरी ढीग उपसायला अडीच महिने लागले. मधेच एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, माझं काही चुकलं का? काहीच कळलं नाही." तिची एकही ओळ चुकली नव्हती. मी उत्तर दिलं तोवर तिने खातं उघडणंच बंद केलं होतं. याची रुखरुख मला आजही आहे.

म्हणून आधी तपासणारे मोज. मराठीच्या जुन्या मंडळींना आत्ताच विचार, त्या शनिवारची दुपार आणि पुढचे पंधरा दिवस रोज अर्धा तास देणार का? एका तपासणाऱ्यामागे चार नवे, याहून जास्त नको. तिघं हो म्हणाले तर बारा. एकच म्हणाला तर चौघांना घरी बोलाव आणि पोहे कर, तोही कार्यक्रमच.

कामं आदल्या आठवड्यात निवडून ठेव. मदतीच्या पानांचे लांबलचक परिच्छेद पहिल्या दिवशी कुणाला देऊ नकोस. मेनूतल्या छोट्या ओळी, प्रत्येकाला पंधरा. शेजारी रायटर, म्हणजे लिबरऑफिसमधला लेखनाचा प्रोग्राम, उघडा ठेवायला सांग, म्हणजे आपली ओळ पडद्यावर कुठे उमटणार हे दिसतं. एक गोष्ट फळ्यावर करून दाखव : काही ओळींत टक्क्याच्या खुणेला चिकटून कॅपिटल अक्षरांत 'प्रॉडक्टनेम' असं असतं. तिथे प्रोग्राम स्वतःचं नाव बसवतो. नवखं माणूस हौसेने त्याचंही 'उत्पादननाव' करतं, मग नाव बसतच नाही आणि पडद्यावर टक्क्यासकट 'उत्पादननाव' झळकतं. एकदा पाहिलं की पुन्हा कुणी हात लावत नाही.

टायपिंगला सकाळचा अर्धा तास दे. सगळ्यांना मराठी लिहिता येतं असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. 'दुसऱ्या' हा एकच शब्द लिहायला सांग. साध्या र ने 'दुसर्या' होतं आणि तशा ओळी परत पाठवाव्या लागतात. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. तिसऱ्या प्रयत्नात बोटं शिकतात आणि चेहरे खुलतात, मी पाहिलंय.

शब्दांचा एक छापील कागद प्रत्येकाच्या हातात असू दे : 'सेव्ह'ला काय, 'पेस्ट'ला काय, आधीच्या भाषांतरात जे रुळलंय तेच. आमच्याकडे 'फाइल' की 'संचिका' यावर चाळीस मिनिटं गेली होती. वाद वाईट नाही, फक्त तो चहाच्या वेळी घाला. आणि जो सगळ्यात हिरिरीने भांडेल त्याचा नंबर आवर्जून घे. एका शब्दासाठी जीव तोडणारी माणसंच माझ्यासोबत वर्षानुवर्षं टिकली आहेत.

वेबलेटची खाती आदल्या दिवशी घरूनच उघडायला सांग. पडताळणीचा मेल स्पॅममध्ये जातो, कुणाला ईमेलचा पासवर्ड आठवत नसतो, त्यात सकाळ जाते. उद्या विकिपीडियाची कार्यशाळा घ्यावीशी वाटली तर हे दुप्पट लक्षात ठेव. तिथे एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात, आणि लॅबचा पत्ता बहुधा एकच असतो.

आता प्रमाणपत्र. सरांना हॅक्टोबरफेस्टचं उदाहरण सांग, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना ऑक्टोबरभर हातभार लावण्याचा ऑनलाइन उपक्रम. ऑक्टोबर २०२० मध्ये टी-शर्टसाठी लोकांनी शेकडो प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा मारा केला. सांभाळणारी माणसं कचरा उपसून थकली, आणि आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला, की जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील तेवढेच धरायचे. सरांना कागद द्यायचाच असेल तर महिन्याभराने द्यावा, ज्यांच्या ओळी स्वीकारल्या गेल्या त्यांना. जाहिरातीत त्याचा उल्लेखही नको.

त्या दिवशी जेवणानंतर नवं काही शिकवू नकोस. दुपार फक्त तपासणीची. तपासणारा नव्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसू दे, ओळ का बदलली ते तोंडी सांगू दे, आणि पाच वाजायच्या आत प्रत्येकाची निदान एक ओळ स्वीकारली गेलेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे. ज्याची राहील त्याला थांबवून घे, शेवटची बस चुकणार नाही एवढं बघ.

सरांकडे लॅबची किल्ली मागशील तेव्हा एका शनिवारची मागू नकोस. पुढच्या दोन शनिवारीही, दोन-दोन तास, तीच लॅब आत्ताच लिहून घे.