आयपीटीजी घालूनही ई. कोलायमधलं लॅक जनुक चालू का होत नाही?

तुम्ही मुंबईत टीवायबीएस्सीला आहात. ई. कोलाय या जिवाणूला आयपीटीजी (लॅक जनुक चालू करणारा कृत्रिम इंड्यूसर) दिलं, तरी ओएनपीजी (बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइमने तोडलं की पिवळं होणारं द्रव्य) पिवळं झालं नाही. इंड्यूसर दिला की जनुक चालू व्हायला हवं ना, आणि माणसाच्या पेशीतही असंच चालतं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी स्ट्रेन तपासा. ट्रान्सफॉर्मेशनसाठी कॉलेजात बरेचदा डीएच५-अल्फा असतो. त्यात लॅक-झेड (हे एन्झाइम बनवणारं) जनुक अपुरं असतं, त्यामुळे कितीही आयपीटीजी घाला, काम करणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज तयार होणार नाही. एमजी१६५५ सारखा स्ट्रेन घ्या.

स्ट्रेन बरोबर असेल, तर माध्यमात ग्लुकोज आहे का ते पाहा. नुसता इंड्यूसर पुरत नाही, कारण या जनुकावर दोन अटी आहेत. पहिली, लॅक रिप्रेसर (जनुक बंद ठेवणारं प्रथिन) ऑपरेटरवरून, म्हणजे डीएनएवरच्या त्याच्या बसायच्या जागेवरून, सुटला पाहिजे. हे काम पेशीत अ‍ॅलोलॅक्टोज करतं. तेही बीटा-गॅलॅक्टोसिडेजच लॅक्टोजपासून बनवतं, म्हणून ‘बंद’ जनुकसुद्धा किंचित गळत असावं लागतं. आयपीटीजी रिप्रेसर सोडवतं पण एन्झाइम ते तोडत नाही, म्हणून त्याची मात्रा टिकून राहते. दुसरी अट, सीएएमपी (पेशीतला छोटा संदेशवाहक रेणू) धरलेलं सीएपी हे प्रथिन प्रमोटरजवळ, म्हणजे जनुकाचं वाचन सुरू होतं त्या जागेजवळ, बसलं पाहिजे, कारण लॅकचा प्रमोटर मुळात कमजोर आहे आणि जनुक वाचणारं आरएनए पॉलिमरेज तिथे एकट्याने नीट टिकत नाही. ग्लुकोज मिळत असताना सीएएमपी कमी राहतं. शिवाय ग्लुकोज लॅक्टोज आत आणणाऱ्या परमिएजलाही अडवतं. त्या अडथळ्यातून आयपीटीजी बरंचसं सुटतं, सीएएमपीच्या कमतरतेतून मात्र नाही. म्हणून ग्लुकोजबरोबर रंग येतो, पण फिका. अजिबातच आला नसेल, तर माझा संशय स्ट्रेनवर किंवा पेशी नीट न फुटण्यावर.

तीन फ्लास्क लावा: एम९ माध्यमात ०.४ टक्के ग्लिसरॉल. ग्लिसरॉल आणि १ मिलिमोलर आयपीटीजी. ग्लिसरॉल, आयपीटीजी आणि ०.४ टक्के ग्लुकोज. ओडी-६०० (कल्चरचा गढूळपणा) साधारण ०.३ ते ०.५ झाली की बर्फात ठेवा. ०.५ मिली कल्चर, ०.५ मिली झेड बफर (या चाचणीचं ठरलेलं द्रावण), दोन थेंब क्लोरोफॉर्म, एक थेंब ०.१ टक्के एसडीएस. दहा सेकंद व्होर्टेक्स. ही पायरी चुकवू नका. न फुटलेल्या पेशीत ओएनपीजी परमिएजवाटेच नीट शिरतं, आणि मग मोजमाप एन्झाइमचं न राहता परमिएजचं होतं. पॉलिस्टायरीनची क्युव्हेट क्लोरोफॉर्मने धुरकट होते, तेव्हा काचेच्या नळ्या वापरा आणि वरचाच द्रव घ्या.

मग २८ अंशांवर ०.२ मिली ओएनपीजी (४ मिग्रॅ प्रति मिली) घाला आणि वेळ नोंदवा. एप्रिल-मेमध्ये मुंबईत नुसत्या टेबलावर तापमान २८ च्या वर जातं, एन्झाइम वेगाने चालतं आणि दोन दिवसांची आकडेवारी जुळत नाही. वॉटर बाथ हवाच. पिवळेपणा दिसू लागला की ०.५ मिली १ मोलर सोडियम कार्बोनेट. त्याने पीएच चढतो, एन्झाइम थांबतं आणि रंग पुरता उठतो. ४२० आणि ५५० नॅनोमीटरवर वाचन घ्या.

माणसाच्या पेशीत तर्क हाच, पण कड्या जास्त. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, अशा एका गुंडाळीवर (न्यूक्लिओसोमवर) सुमारे १४७ बेस जोड्या, त्यामुळे बरीच जनुकं मुळातच झाकलेली असतात. जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे एन्हान्सरही, लाखो बेस दूर असू शकतो. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था थॅलेसेमिया आणि सिकलसेलवर काम करते. त्याच आजारांत याचं उत्तम उदाहरण सापडतं. जन्मानंतर बीसीएल११ए हे प्रथिन गॅमा-ग्लोबिनचं (गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या एका घटकाचं) जनुक बंद ठेवतं. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचारात बीसीएल११ए जनुकाच्या प्रथिन बनवणाऱ्या भागाला हात लावत नाहीत. लाल पेशी घडताना ते जनुक चालू करणारा, त्याच जनुकातला एन्हान्सर तेवढा कापतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि इतर पेशींना लागणारं बीसीएल११ए शाबूत राहतं.