पाटीवर १९६२, पण आजोबा त्याआधीच चौथी पास

प्रश्न: सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पाटीवर स्थापना १९६२ लिहिलंय, पण आजोबा सांगतात मी १९४७ला याच शाळेत चौथी पास झालो. कोण बरोबर? मला शाळेचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: आजोबाच बरोबर असणार. जिल्हा परिषदाच मुळी १ मे १९६२ला सुरू झाल्या, त्याआधी तुमच्या भागातल्या बऱ्याच शाळा लोकल बोर्डाच्या, म्हणून तर जुनी माणसं अजून बोर्डाची शाळा म्हणतात. शाळा नव्याने ताब्यात आली ते साल कुणीतरी पाटीवर रंगवलं असेल. गाव औंध किंवा फलटण संस्थानात असेल तर मात्र १९४८च्या आधीचे कागद संस्थानच्या दप्तरात शोधावे लागतील.

आता सुरुवात. मुख्याध्यापकांना भेटा आणि जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदींचं रजिस्टर, बघायला मागा, सगळ्यात जुनं. पहिल्या पानावर 'आधीची शाळा' हा रकाना बघा, तिथे नावं भरलेली असतील तर मुलं दुसरीकडून आलीत, म्हणजे आणखी मागे जायचं. जन्मतारखांवर फार विसंबू नका, ओळीने १ जून दिसेल, दाखल करताना मास्तर अंदाजाने तीच टाकायचे.

मग सावकाश एकेक पान वाचा, माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे, इमारत कुणी बांधली यापेक्षा कितीतरी मोठा. पहिली मुलगी कुठल्या साली आली, दलित वस्तीतलं पहिलं मूल कधी आलं, आणि शाळा कितवीतून सोडली, का सोडली, तेही शेवटच्या रकान्यात असतं. महात्मा फुल्यांनी १८८२ला हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं होतं, ते तुमच्या गावात प्रत्यक्ष कधी पोचलं ते या रजिस्टरातून कळेल, त्यामुळे एवढं काम कराच.

शेरेबुक (तपासणीचे शेरे) आणि डेडस्टॉक रजिस्टरही (शाळेच्या सामानाची नोंद) मागा. साहेब तपासणीला आले तेव्हा पट किती होता, बाकं कधी आली, असलं सगळं तिथे सापडतं.

एक विनंती, जात आणि जन्मतारखेचे रकाने दिसतील असे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून गावात आहेत. पानं मोडी लिपीत लिहिलेली निघाली तर तालुक्याला चौकशी करा, २०२३ला कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांची मदत घेतली होती, तहसील कचेरीत कुणाचं तरी नाव मिळेल.