आजच्या मुलांना घरातली साधी दुरुस्तीही येत नाही. पूर्वीची पिढी खरंच जास्त हुन्नरी होती का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमच्या वीस वर्षांच्या मुलाला नळाचा वॉशर बदलता येत नाही आणि तुमच्या वडिलांना मात्र घरातलं सगळं यायचं. मला एवढंच विचारायचंय, वडील वॉशर बदलत होते तेव्हा घरातली बाकीची माणसं काय करत होती?

आमच्याकडे मी टॉर्च धरून उभी असायचे.

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं घर. आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० साली काढलेलं, दादासाहेब फाळके जिथे शिकले तेच कलाभवन. आता ते सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. आजोबांची सागवानी पेटी होती: रंधा, पटाश्या, गिरमिट, तीन-चार कानशी. ती बाबांकडे आली आणि बाबा गेल्यावर दादाकडे गेली. मला कुणी विचारलंही नाही.

पंखा उतरवायचा असला, स्विचबोर्ड उघडायचा असला की दादाच्या हातात पाना आणि माझ्या हातात टॉर्च. दादाचं लक्ष खिडकीबाहेर. मी मात्र बघत राहायचे, कुठली वायर कुठून निघाली, कुठला स्क्रू आधी काढला. नववीत असताना एकदा मी डिसमिस उचललं, तर बाबा म्हणाले, "हात लावू नकोस, बिघडेल." बाबा वाईट नव्हते. पण ते वाक्य मी विसरलेले नाही.

पुढे एका शाळेच्या फिजिक्स लॅबमध्ये २९ वर्षं लॅब असिस्टंट होते. बंद पडलेले मीटर, तुटलेल्या कॉइली, सगळं मी दुरुस्त केलं, तेव्हा ही बढाई नाही. आणि दादा आमच्या घरच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी लिहितो, "आजकालच्या पोरांना फ्यूजसुद्धा बांधता येत नाही." अरे, फ्यूज बांधायला घरात फ्यूज आहे कुठे? सगळीकडे एमसीबी बसले, जास्त करंट आला की आपोआप पडणारे स्विच. वर केलं की झालं.

आता २०२४ च्या पुराचं सांगते. ऑगस्टच्या शेवटी आमची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २५ फूट समजतात, म्हणजे काय झालं असेल बघा. दादा मुजमहुड्याकडे राहतो. त्याच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी, दोन दिवस. पाणी उतरलं तेव्हा टाकीवर पाणी चढवायची मोटर चिखलाने भरलेली. सोसायटीत प्रत्येकाची तीच गत, आणि मोटरची तार नव्याने गुंडाळून देणारे रिवाइंडिंगवाले सांगत होते, पंधरा दिवसांनी या. दादा म्हणाला, नवीन घेऊ. माझा भाचा, दादाचा मुलगा, वय चोवीस, कॉम्प्युटरवर काम करतो, त्याने मला फोन केला, "आत्या, उघडून बघायची का?" मी म्हटलं, घेऊन ये.

ॲक्टिव्हावर पायाशी मोटर ठेवून आला. सोबत आजोबांची पेटीही आणली होती. माळ्यावर ठेवायच्या ऐवजी दादाने ती जिन्याखाली टाकून ठेवली होती, तीही पाण्यात गेली होती. आतल्या पटाश्या गंजाने लाल. बाबांनंतर ती पेटी कुणी उघडलीच नव्हती.

मी गच्चीवर खुर्ची टाकून बसले आणि ठरवलं की मोटरला हात लावायचा नाही. फक्त सांगायचं. उघडायच्या आधी पंच मारून खूण कर, पुढच्या झाकणावर आणि बॉडीवर एकेक टिंब, मागच्या बाजूला दोन-दोन, म्हणजे जोडताना झाकण फिरणार नाही. हे त्याला माहीत नव्हतं. पण वायरी सोडवण्याआधी त्याने मोबाइलवर फोटो काढले, जवळून, चारही बाजूंनी. ते मला सुचलं नव्हतं. पहिलाच बोल्ट त्याने उलट्या बाजूला फिरवला आणि त्याचं डोकं गोल केलं. माझा हात पुढे जात होता. गेला नाही. त्याने पक्कड लावली, कानशीने दोन बाजू सपाट केल्या आणि अर्ध्या तासाने बोल्ट निघाला. अर्धा तास! मी असते तर पाच मिनिटांत काढला असता आणि तो काहीच शिकला नसता.

मोटरच्या आतलं तारेचं वाइंडिंग स्वच्छ पाण्याने धुतलं. ऊन नव्हतं, म्हणून विटांवर ठेवून खाली शंभरचा बल्ब लावला, वर पत्र्याचा डबा उपडा घातला आणि वाफ निघायला एक फट ठेवली. शेजाऱ्यांकडून मेगर आणला, तारेतून करंट बाहेर गळतो का ते मोजायचं यंत्र. पहिल्या दिवशी ०.३ मेगाओम. एकच्या खाली असेल तर वीज द्यायचीच नाही. तिसऱ्या संध्याकाळी पाचच्या वर गेलं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून तो दोन्ही बेअरिंग, सील आणि नवा कंडेन्सर घेऊन आला. सगळं पाचशेच्या आसपास.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा मोटर नुसती घूं करत राहिली, फिरेना. न सांगता त्याने लगेच स्विच बंद केला, प्लग काढला. फोटो बघितला. कंडेन्सरची एक वायर चुकीच्या जागी लागली होती. बदलली आणि मोटर फिरली.

मध्येच दादाचा फोन आला होता. "त्याला काही येत नाही, करंट लागेल, सोड ते." मी म्हटलं, "दादा, येत नाही कारण तू कधी हातात दिलंच नाहीस." त्याने फोन ठेवला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पूर्वीच्या पिढीला येत होतं हे खोटं आहे. वाड्यात एका माणसाला यायचं, बाकीचे टॉर्च धरायचे. आणि आई स्टोव्हच्या वाती बदलायची, शिवणयंत्राच्या दोऱ्याचं टेन्शन बसवायची, त्याला कुणी हुन्नर म्हटलंच नाही. मुलाला ओरडू नका. सुट्टीच्या दिवशी मेन कॉक बंद करा, पाना त्याच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर बसा. नळ बिघडला तर बिघडू दे.

काही गोष्टी मात्र उघडू देऊ नका. मायक्रोवेव्ह तर नाहीच, प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहतो. गॅसचं काम गॅसवाल्याकडेच. आणि हेही मान्य करते की आजच्या वस्तू उघडायच्या हिशेबाने बनवलेल्याच नाहीत. मोबाइलची बॅटरी गोंदाने चिकटवलेली, स्क्रू असे की साधं डिसमिस लागत नाही. सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली ती उगाच नाही. त्यात मुलांचा दोष कुठे?

पेटी अजून माझ्याकडे आहे. पटाश्या रॉकेलमध्ये भिजवून घासल्या, दोन गेल्या, बाकीच्या वाचल्या. भाचा रविवारी येतो, रंध्याचं पातं परजायला शिकतोय. दादा हे वाचत असेल तर पेटी केव्हाही घेऊन जा, पण आता ती मागायची असेल तर माझ्याकडे नाही, तुझ्या मुलाकडे माग.